पैसा किती आहे ते नंतर, आधी तो कुणाच्या हातून येतो ते बघा

प्रश्न असा आहे की पाश्चात्त्य देशांत श्रीमंत एका पक्षाकडं आणि कामगार दुसऱ्या पक्षाकडं अशी साधारण वाटणी असायची असं वाचायला मिळतं, मग आपल्याकडं दीड एकरवाला आणि चाळीस एकरवाला एकाच चिन्हावर शिक्का कसा काय मारत आले, आणि याला जात सोडून दुसरं काही कारण आहे का. जात आहेच हो, ती बाजूला ठेवून इथलं राजकारण कुणाला कळलेलं नाही. पण नुसती जात म्हणून विषय संपवला तर निम्म्या गोष्टी सुटतात. माझी नोकरी जिल्हा बँकेच्या तालुक्यातल्या शाखेत गेली, सगळी पश्चिम महाराष्ट्रातच, त्यामुळं तिथल्या खिडकीतून जे दिसलं तेच सांगतो.

ऊस पट्ट्यापासून सुरुवात करू. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता या लोकांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ ला गाळप सुरू झालं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्रत्येक बागायती तालुक्यात चेअरमन नावाचा माणूस तयार झाला. आता दीड एकरवाल्या सभासदाचं वर्ष कसं जातं बघा. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेतून, ऊस नोंदवायचा कारखान्याच्या गट ऑफिसला, तोड कधी येणार ते चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या हातात, आणि बिल निघालं की सोसायटीचं कर्ज आधीच वजा होऊन उरलेलं खात्यावर. या सगळ्या ठिकाणी माणसं एकाच, म्हणजे चेअरमनच्या गटाची. तोड महिनाभर लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं. झोनबंदी होती तेव्हा तर चिडून दुसऱ्या कारखान्याला ऊस घालायची सोयसुद्धा नव्हती. वर पोरगा चेअरमनच्याच संस्थेच्या कॉलेजात, पोरगी दूध संघात लागलेली. अशा माणसाला तुम्ही विचारा की बाबा तुझे आणि चाळीस एकरवाल्याचे हितसंबंध वेगळे आहेत ना, तो म्हणेल असतील, पण आधी ऊस जाऊ दे.

याला लोक सरळ दहशत म्हणतात, ते मला पटत नाही. दबाव होता, नाही असं नाही, पण नुसत्या दबावावर पन्नास वर्षं माणूस टिकत नाही. त्या दीड एकरवाल्याचा आजा सावकाराच्या दारात उभा राहायचा आणि हा सभासद म्हणून वार्षिक सभेला खुर्चीवर बसतो, साखर घेऊन घरी येतो, हा फरक त्यानं बघितलेला असतो. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण म्हणून, म्हणजे सगळ्यांना काँग्रेसमध्ये सामावून घेत, जे केलं त्याचा पाया हाच. १९४७ ला केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून फुटून शेतकरी कामगार पक्ष काढला होता, याच बहुजन शेतकऱ्याचा पक्ष, पण काही वर्षांतच जेधे परत काँग्रेसमध्ये गेले आणि कारखानदारीच्या पट्ट्यात शेकापची जागा आटत गेली. शेकाप टिकला कुठं तर रायगडात, जिथं चरीच्या शेतकऱ्यांच्या संपाची आठवण होती, आणि सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात. गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले. जातीचं गणित तिथंही आहे, मान्य, पण हेही बघा की तो तालुका उसावर उभा राहिलेला नव्हता.

आता त्याच कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला या. ऊस लावणारा एक आणि तोडणारा दुसरा. बीड, पाथर्डी, आष्टीकडनं टोळ्या येतात, एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडनं उचल घेतलेली, सहा महिने पालात. साखर तीच, पण चेअरमनचा आणि यांचा संबंध मुकादमापुरता. गोपीनाथ मुंडेंनी ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा प्रश्न हातात घेतला आणि ज्या पक्षाला लोक शेटजी-भटजींचा पक्ष म्हणायचे त्या भाजपच्या मागं महाराष्ट्रातले सगळ्यात गरीब कष्टकरी उभे राहिले. पुस्तकाच्या हिशोबानं हे लोक डाव्यांकडं जायला पाहिजे होते. वंजारी समाज, वसंतराव भागवतांचा माळी-धनगर-वंजारी हा माधव फॉर्म्युला, हे सगळं त्यात आहेच. पण मुकादमाशी आणि कारखान्याशी मजुरीवरून भांडणारा आपला माणूस कोण, हा प्रश्न त्यात पहिला होता. पुढं मुंडेंनीही परळीजवळ वैद्यनाथ कारखाना काढला, म्हणजे यंत्रणा कशी चालते ते त्यांनाही चांगलंच ठाऊक होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते मुंबईच्या गिरणगावानं, आणि तेही आमच्याच घरातनं. आमचे थोरले चुलते लालबागला गिरणीत, वडील गावाकडं शेती बघायचे. दोघं एका आईची पोरं, जात एक, शिक्षण सारखंच तोकडं. चुलते आधी लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे, आणि नंतर शिवसेनेचे, वडील शेवटपर्यंत काँग्रेसचे, आणि गणपतीत चुलते गावी आले की ओट्यावर जी खडाजंगी व्हायची ती आख्ख्या आळीला ऐकू जायची. साताऱ्या-सांगलीच्या डोंगराकडच्या गावांत ही घरोघरची कथा आहे.

चुलत्यांचं असं का झालं? गिरणीत होते तेव्हा पगार, बोनस, खाडा, बदली हे सगळं युनियनवर अवलंबून, आणि युनियन म्हटल्यावर लाल बावटा. सेना १९६६ ची. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले, तेही परळमधून, कामगारांच्या बालेकिल्ल्यातून. म्हणजे वर्ग तोच, चाळ तीच, पगार तोच आणि पक्ष बदलायला लागला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतसुद्धा सामंत अपक्ष म्हणून खासदार झाले, इतका राग होता, पण गिरण्याच बंद पडत गेल्यावर युनियनकडं जायचं कशाला? मग उरली गल्लीतली शाखा. नळाचं पाणी, शाळेचा दाखला, रात्री अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्स, पोराची नोकरी. १९८५ ला मुंबई महापालिका सेनेकडं आली ती काय नुसत्या भाषणांवर आली नाही.

आता गंमत बघा. गिरणीत कोकणातलेही होते आणि घाटावरचेही. कोकणातल्या चाकरमान्यानं सेना गावी नेली आणि ती तिथं रुजली. आधी तो समाजवाद्यांचा मुलूख, राजापूरला नाथ पै, मग मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा, आणि १९९६ ला तिथून सुरेश प्रभू सेनेचे खासदार. घाटावरच्या चाकरमान्यानंही तेच केलं, भगवा घेऊन गावी आला, मुंबईकर मंडळानं शाखेचा बोर्डपण लावला, पण आमच्याकडं बरीच वर्षं तो बोर्डच राहिला. कारण गावाकडं राहिलेल्या त्याच्या भावाला ऊस घालवायचा होता. कोकणात घर मनीऑर्डरवर चालायचं, मनीऑर्डर पाठवणाऱ्याचं मत घरात चालणारच ना. आमच्याकडं मनीऑर्डरीपेक्षा उसाचं बिल मोठं होतं. अर्थात कोकणात इतरही कारणं होती, नारायण राणे हे एक मोठं प्रकरण आहे, पण त्यात शिरलो तर हे उत्तर संपणार नाही.

पांढरपेशांचंही असंच. टिळकांच्या काळात पुण्याची काँग्रेस ब्राह्मणांची समजली जायची आणि ब्राह्मणेतर चळवळ तिच्या विरोधात होती, नंतर केशवराव जेधे आणि काकासाहेब गाडगीळ या जोडीनं बहुजनांना काँग्रेसमध्ये आणलं आणि चित्र फिरलं. १९४८ ला गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ब्राह्मणांची घरं जळाली, त्याच वर्षी कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून कुळं मालक झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या ती घरं पुण्या-मुंबईला नोकरीत आली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं जनसंघाकडं जाणं हे काही त्या वेळच्या पगाराच्या स्लिपवरून कळणार नाही. पन्नासच्या दशकातला कारकून पोस्टातला पगार घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता, गरीबच म्हणायचा. आणि ज्या कुळाला जमीन मिळाली त्याचं घर त्याच कायद्यामुळं काँग्रेसकडं.

उलट्या बाजूनं, आमच्याच बँकेत बौद्ध समाजातले साहेब होते, फ्लॅट, गाडी, पोरं इंजिनिअर, म्हणजे उत्पन्नाच्या कोष्टकात ते पक्के मध्यमवर्गीय, पण मत निळ्या झेंड्याला नाहीतर निळा झेंडा ज्याच्यासोबत असेल त्याला. त्यांचं शिक्षण आणि नोकरी ज्या लढ्यातून आली तो लढा बाबासाहेबांचा, बढती मिळाली म्हणून तो हिशोब बदलत नाही. हे मला सगळ्यात टिकाऊ प्रकारचं नातं वाटतं, कारण ते कुठल्या चेअरमनच्या सहीवर अवलंबून नाही.

चेअरमनवालं नातं किती टिकाऊ ते २०१४ नंतर दिसलंच. कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी लागते, सरकार बदललं की चेअरमनला तिकडं जावं लागतं, आणि २०१९ ला राधाकृष्ण विखे पाटील, मोहिते पाटलांच्या घरातले, हर्षवर्धन पाटील असे एकेक भाजपमध्ये गेले (हर्षवर्धन पाटील २०२४ ला परत शरद पवारांकडं आले ते सोडा). तालुक्यातला सभासद बराचसा गटाबरोबर गेला. त्याची निष्ठा पक्षावर नव्हतीच कधी, ती गटावर होती, आपण बाहेरून तिला काँग्रेसनिष्ठा म्हणत होतो एवढंच.

आता यात नवीन काय आलंय तर लाडकी बहीण. २०२४ पासून दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यावर, मधे ना सोसायटी, ना गटसचिव, ना चेअरमन, आणि नवऱ्याच्या हातातूनही नाही. त्या विधानसभेला महायुती किती मोठ्या आकड्यानं आली ते सगळ्यांनी बघितलं. पण एवढ्यावर घरात पक्ष बदलला असं मी म्हणणार नाही, दुसरं सरकार आलं आणि त्यानं दोन हजार देतो म्हटलं तर ती बाई काय करेल ते बघायचंय अजून. त्यामुळं तुम्हाला खरंच अभ्यास करायचा असेल तर उत्पन्नाचे आकडे नंतर बघा, आधी एखाद्या गावात जाऊन एवढंच विचारा की मागच्या वर्षभरात घरात पैसा कुठकुठून आला आणि त्यासाठी कुणाला फोन करावा लागला. पक्षाचं नाव विचारू नका, ते कुणी खरं सांगत नाही.