अलास्कातल्या फेअरबँक्समधलं घर एका बाजूला खचतंय: घराखालची झालर उघडा

ताई, शयनगृहाचं दार चौकटीत अडकतं, मुलाने सोडलेली गोटी आपसूक स्वयंपाकघराकडे घरंगळते आणि खांबांवरच्या घराखालची जागा 'छान बंदिस्त आणि उबदार' आहे, या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच पोस्टमध्ये लिहिल्यात. तिसरी गोष्टच पहिल्या दोन्हींचं कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे. फार्मर्स लूप रस्त्याची बाजू, उत्तरेचा उतार, भोवती काळ्या स्प्रूसची (सूचिपर्णी झाड) खुरटी, वाकडी झाडं, असं असताना खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, आहेच असं धरून चाला. मी इंजिनियर नाही. काही कापण्याआधी किंवा उचलण्याआधी पायाच्या जाणकाराला दाखवाच.

नेमकी हीच चूक आम्हालाही सगळ्यात महागात पडली. फरशी गार लागते म्हणून चारी बाजूंनी झालरीसारखे पत्रे ठोकायचे, आतून फोम लावायचा, शिवाय एक छोटा हीटर ठेवायचा. ऊर्जाबचतीची तपासणी करणाऱ्या एका कार्यालयाने यालाच भरघोस गुण दिले. जमिनीचं विचारलं तर म्हणे ते आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतं ते विचारतात, तपासणीत काय लिहिलंय? असो.

फोममुळे जमीन वाचते हा गैरसमज आहे. बर्फाची लादी भुशात ठेवली तर उशिरा वितळते, पण वितळतेच. फेअरबँक्सजवळची गोठलेली जमीन शून्याखाली जेमतेम अर्धा-एक अंश असते, म्हणजे हाताशी काहीच शिल्लक नाही. तिला हिवाळ्याची थंडी मिळालीच पाहिजे. बंद झालरीने ती थंडीच अडवली जाते आणि घराची ऊब बारा महिने खाली झिरपत राहते. इथल्या गाळात आकारमानाने निम्म्याहून जास्त बर्फ असू शकतो. तो वितळून पाणी निघून गेलं की जमीन तेवढी बसते, आणि पुन्हा गोठली तरी वर येत नाही.

जमिनीवरचं झाडं-शेवाळाचं नुसतं आवरण गेलं तरी काय होतं, हे इथेच मोजलेलं आहे. 1946 मध्ये अमेरिकी लष्कराच्या इंजिनियरांनी फार्मर्स लूपपाशी तीन तुकडे आखले. एक तसाच ठेवला, एकावरची झाडं तोडून शेवाळ ठेवलं, एक पार खरवडला. 26 वर्षांनी खरवडलेल्या तुकड्याखाली जमीन 6.7 मीटर खोल वितळलेली होती, शेवाळ राखलेल्याखाली 4.7 मीटर. न छेडलेला तुकडा जसाच्या तसा. तेव्हा अंगणातलं शेवाळ काढून हिरवळ लावायचा बेत असेल तर सोडून द्या.

आता करायचं काय? ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत झालर उघडी ठेवा, वारा आरपार जाऊ द्या. ऊब राखायची ती फरशीतच: वाशांमध्ये 30 सेंटिमीटर उष्णतारोधक भरण, खालून प्लायवूड, सांधे बंद. नळ गोठू नयेत म्हणून ते एका फोमच्या पेटीत घेऊन आत विजेवर तापणारी तार घाला. हे आधी, झालर नंतर. नाहीतर पहिल्याच कडाक्यात पाइप फुटतील आणि शिव्या मला बसतील. कपडे वाळवायच्या यंत्राची गरम हवा घराखाली सोडलेली असते, तीही बाहेर काढा. सांडपाण्याचा पाइप ठिबकतोय का ते पाहा, कोमट पाणी सगळ्यात वाईट. भिंतीलगत साचणारं हिम हिवाळाभर लांब टाकत राहा, कारण हिम म्हणजे जमिनीवरची गोधडी. छपराचं पाणी तीन मीटर तरी लांब न्या.

मोजमाप मात्र आजच सुरू करा. लेझर नको, आपले गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी पुरते. पारदर्शक नळी घ्या, आत एकही बुडबुडा ठेवू नका, आणि थंडीत साध्या पाण्याऐवजी काच पुसायचं न गोठणारं पाणी भरा. नळीचं एक टोक बोअरच्या केसिंगवरच्या खुणेशी धरा, कारण घरावरची कुठलीही खूण घराबरोबरच खाली जाते. प्रत्येक खांबाचा आकडा एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिहा. खांब हिवाळ्यात वर येऊन उन्हाळ्यात परत खाली बसत असेल तर त्याखालची जमीन गोठण्याने फुगतेय. दरवर्षी फक्त खालीच जात असेल तर ती वितळतेय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आकड्यांशिवाय सल्ला देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

काँक्रीट ओतून पाया 'पक्का' करायचं म्हणताय, ते कृपया करू नका. वजन वाढेल, काँक्रीट घट्ट होताना स्वतःची उष्णता सोडेल, आणि खालची जमीन असमान बसली की तडकेल. इथे खडीची गादी, त्यावर लाकडाचे पाट, खांब आणि वर फिरवून उंची बदलता येणारा जॅक, हेच बरं. घर उचलायचं तर 20 टनी बाटली जॅक, शेजारी लाकडी ओंडक्यांची चौकट, आणि एका खांबाला एका वेळी 6 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. पुढच्या खांबाकडे जा, मग परत या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कुणीही शिरू नये. उचलण्याआधी हीटरच्या तेलाची नळी आणि चिमणीचा सांधा सैल करायला विसरू नका, तिथेच जास्त घोटाळे होतात.

जवळच्या फॉक्स गावाकडे जाल तेव्हा तिथल्या तेलाच्या पाइपलाइनच्या खांबांवरचे पंखवाले नळ बघून या. आत अमोनिया असतो. हिवाळ्यात तो खालच्या जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वर थंड होऊन परत खाली उतरतो. उन्हाळ्यात चक्र आपोआप थांबतं, वीज लागत नाही. घरांनाही असे नळ बसवतात, पण खर्चिक आहेत. आधी फुकटची थंडी वापरून बघा.

घराच्या विम्यात जमीन खचणं बहुतेक वगळलेलं असतं, तुमच्या कागदात ते कलम शोधा. आणि ऑक्टोबरचे आकडे इथे टाका. तोवर काँक्रीटवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.