कॅन्सर वॉर्डात नवीन आलीस? ऑनलाइन कोर्स असे कर

रात्रपाळीवरून येऊन लगेच मोबाइलवर व्याख्यान लावू नकोस, बाळ. डोळे उघडे राहतात, डोक्यात काही शिरत नाही. आठवड्यातली एक सकाळ राखून ठेव. खानापूरकडे रेंज जाते, म्हणून मी व्याख्यान आधीच उतरवून घ्यायची आणि एसटीत ऐकायची.

विषय मात्र आपल्या पेशंटकडे बघून निवड. निपाणीकडे तंबाखू-विडीत पिढ्या गेल्या, तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे येणारच. म्हणून तोंडाची निगा आणि नाकातल्या नळीतून आहार आधी शीक. मग केमोनंतरचा ताप. एकदा जरी 38.3 सेल्सिअस दिसला किंवा 38 तासभर टिकला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. डॉक्टरांना लगेच कळव. तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं. हे मला कोर्समुळेच पक्कं झालं.

2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याच्या, ‘इको’ नावाच्या ऑनलाइन बैठका जमतील तेव्हा बघ. तिथे नुसतं ऐकायचं नसतं, आपली केसही मांडता येते. लाजू नकोस, मांड. फक्त पेशंटचं नाव, नंबर, चेहरा काही दिसू देऊ नकोस.

प्रमाणपत्रं? फाइलला लाव आणि पुढे चल.

कोर्स इंग्रजीत, पेशंट मराठी नाहीतर कन्नड. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: पेन, दुखणं, नोवु. दुखण्यावरच्या मॉर्फिनने शौचाला अडतं; ते चालू असलेल्या आजीला रोज शौचाला होतं का, हे तिच्याच भाषेत विचारलंस तरच ती खरं सांगेल. वही उद्या आणते, उतरवून घे.