आमच्या वस्तीत सीसीटीव्ही बसवायला नगरपरिषदेकडून निधी कसा मिळवायचा? आणि मागावा का?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी बाजारपेठेत कॅमेरे लागले, पण तुमच्या वस्तीतून मोटारसायकली आणि बोअरच्या मोटारी चोरीला जाऊनही नगरपरिषद "निधी नाही" म्हणून हात वर करते. मी मराठवाड्यातल्याच एका नगरपरिषदेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालोय, म्हणून टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

आधी बाजारपेठेचं. तिथले कॅमेरे बऱ्याचदा नगरपरिषदेचे नसतातच. पीआय साहेब व्यापाऱ्यांची बैठक घेतात, "दुकानाबाहेर एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावा" म्हणतात, सराफ आणि आडतवाले वर्गणी काढतात आणि काम होऊन जातं. रोजंदारीवर जाणाऱ्यांच्या वस्तीत अशी वर्गणी कोण काढणार? म्हणून तुम्हाला सरकारी पैशाकडेच बघावं लागतं.

तो पैसा मिळू शकतो. जिल्हा नियोजन समितीतून पोलीस खात्यासाठी निधी जातो, त्यातून कॅमेरे बसतात. त्यासाठी प्रस्ताव पोलीस अधीक्षकांकडून जायला हवा. आमदारांचा स्थानिक विकास निधी 2022 पासून वर्षाला 5 कोटी आहे, त्यातून कॅमेरे बसवल्याची उदाहरणं राज्यभर सापडतील. केंद्रीय वित्त आयोगाच्या पैशात बंधित (ठरावीक कामालाच वापरायचा) भाग पाणी आणि स्वच्छतेला जातो, अबंधित भागावर मात्र सगळ्या वॉर्डांची नजर असते. हे सगळं सोडून उरतो तो नगरपरिषदेचा स्वनिधी, म्हणजे तिची स्वतःची कमाई.

आणि घोडं नेमकं इथंच पेंड खातं. कॅमेरे बसवायचा पैसा वरून येतो. ते चालवायचा खर्च स्वनिधीतून करावा लागतो. आपल्याकडच्या नगरपरिषदांचा स्वनिधी म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. जकात केव्हाच गेली. घरपट्टी-नळपट्टीची वसुली मार्चमध्ये नळ तोडायची धमकी दिली की तेवढ्यापुरती होते. त्यातून पाणीपुरवठ्याचं वीजबिल भरायचं, सफाई कामगारांचा पगार काढायचा, मग कुठे कॅमेऱ्याची हार्ड डिस्क. मोठ्या शहरांनाही हे चुकत नाही. छत्रपती संभाजीनगरला केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानाच्या पैशातून सुमारे 700 कॅमेरे लागले. ते अभियान 31 मार्च 2025 ला संपलं. पुढची देखभाल महापालिकेलाच बघावी लागणार. मग लहान गावाचं काय बोलायचं?

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की नुसते कॅमेरे मागू नका. नगरपरिषदेच्या ठरावात कॅमेऱ्यांबरोबर किमान तीन वर्षांची देखभाल-दुरुस्ती, स्वतंत्र वीजमीटर आणि अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद मागा. हे नसेल तर उद्घाटनाचा नारळ फुटेल, पेपरात फोटो येईल आणि वर्षभरात पोलीस ठाण्यातल्या टीव्हीवर निम्मे चौकोन काळे दिसतील. आमच्या गावात एकदा एक म्हातारी वर बोट दाखवून मला म्हणाली होती, "साहेब, हे चालू हायेत का नुसतेच लटकायलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कोणाच्याच रजिस्टरला तशी नोंद नव्हती.

कॅमेरे मरतात कशाने, तेही बघा. सगळ्यात मोठी गोची विजेची. ठेकेदार सोपं पडतं म्हणून स्ट्रीट लाइटच्या तारेवरून सप्लाय घेतो. त्या तारेत वीज असते संध्याकाळी दिवे लागल्यापासून सकाळी विझेपर्यंत. म्हणजे कॅमेरा दिवसभर बंद! भरदुपारी दारातून गाडी गेली, की लोक फुटेज मागायला जातात आणि तिथं काहीच नसतं. महावितरणचा वेगळा मीटर घ्यायला लावा, सोबत चांगला बॅटरी बॅकअपही. जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात कडाडलं की अर्थिंग नसलेल्या खांबावरच्या पत्र्याच्या डब्यातला नेटवर्क स्विच (कॅमेऱ्यांच्या तारा जोडणारं यंत्र) जळतो, तो डबा उघडला की आत जळका वास आणि एक मेलेली पाल. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, काचेवर जाळं विणतो, आणि पडद्यावर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसत नाही. ते पुसायला दर आठवड्याला शिडी घेऊन माणूस लागतो, आणि तो माणूस निविदेत लिहिलेला नसतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल तर काय सांगू. भाऊंचा फोटो बरोबर कॅमेऱ्यासमोर, आणि तो उतरवायची कोणाची छाती नाही.

साठवणुकीचा हिशोबही विचारा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला साधारण 20 जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचं महिनाभराचं ठेवायचं तर पाच टीबीच्या (म्हणजे पाच हजार जीबीच्या) आसपास लागते. ठेकेदार दोन टीबीची डिस्क टाकून मोकळा झाला, तर बारा-तेरा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. आपले लोक चोरी झाल्यावर आधी नातेवाइकांत, मग देवऋष्याकडे, मग पोलिसांत जातात; तोवर सगळं गेलेलं असतं. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेज कोर्टात टिकायला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते सही करून देणारा जबाबदार माणूस कोण, हे आधीच ठरलेलं बरं.

आता "मागावा का" याचं उत्तर. माझ्या मते आधी दिवे मागा. रस्त्यावर उजेड करणं हे 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाप्रमाणे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तिथे "निधी नाही" म्हणायला त्यांना जड जातं. जगभरातल्या 40 वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2019 मध्ये निघाला. त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी घटलेले दिसले, पण सगळ्यात जास्त फायदा वाहनतळांवर. मारामाऱ्यांवर म्हणावा असा परिणाम नाही. उलट न्यूयॉर्कच्या गरीब वसाहतींत जादा दिवे लावून पाहिले, तर रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे 36 टक्क्यांनी कमी झाले. आपलं गाव न्यूयॉर्क नाही, कबूल. पण अंधारात महागडा कॅमेराही आंधळाच.

कॅमेरे घ्यायचेच तर वस्तीत शिरायच्या दोन-तीन तोंडांवर घ्या, जिथे गाडीचा नंबर दिसेल. आतल्या बोळांत नको. आपल्या वस्त्यांत न्हाणी बाहेर, नळ बाहेर, उन्हाळ्यात बाजाही बाहेर. तिथे बायाबापड्यांवर चोवीस तास कॅमेरा रोखायचा आणि त्याचं चित्र कोण बघतंय ते कोणालाच माहीत नाही, हे मला पटत नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, तो बंगल्यात राहणाऱ्यांपुरता नाही. आणि खरं सांगायचं तर बाजारात कॅमेरा लागतो तो व्यापाऱ्याच्या रक्षणासाठी, वस्तीत लागला की बऱ्याचदा वस्तीवरच संशय म्हणून. जागा कुठल्या ते वस्तीतल्या बायांना बसवून ठरवा.

कागदाचं काम लवकर करा. बहुतेक नगरपरिषदांत जवळपास चार वर्षं प्रशासकच होते, 2025 च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. नवे नगरसेवक अजून कामाच्या शोधात आहेत. अंदाजपत्रक फेब्रुवारीत बसतं, तेव्हा तुमचा अर्ज दिवाळीनंतर लगेच मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर हवा, आवक क्रमांकाची पोच घेऊन. त्याआधी चोरी झालेल्यांना पोलिसांत तक्रार द्यायला लावा. बोअरची मोटार गेली की आपण "जाऊ द्या" म्हणतो, मग पोलिसांच्या रेकॉर्डला तुमची वस्ती शांतच दिसते आणि पीआय साहेबांना कॅमेऱ्यांच्या शिफारसपत्रात लिहायला काही उरत नाही.

आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच: गेल्या पाच वर्षांत गावात कॅमेरे किती बसले, कुठल्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून), आज चालू किती, देखभालीचा करार कोणाकडे आणि तो कधी संपतो. उत्तराची झेरॉक्स सभेच्या आदल्या दिवशी नगरसेवकाच्या हातात द्या. हातात कागद असला की तो सभेत बोलतो.