इन्सुलिन लपवून किती दिवस?

प्रिय बाय,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू अगदी जाता जाता लिहून गेलीस: ‘इन्सुलिन मी टॉयलेटमध्ये जाऊन घेते, कोणाला कळू नये म्हणून.’ कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर काम, दर आठवड्याला बदलणारी ड्युटी, वर डिसेंबरचा सीझन. सतराव्या वर्षापासून टाईप वन मधुमेह. गेल्या महिन्यात रात्रपाळीत शुगर उतरली, जीभ अडखळायला लागली आणि मॅनेजरने पाहुण्यांसमोर विचारलं, ‘पिऊन आलीस काय?’ आता आई म्हणते, नोकरी सोड, घरी बसून सरकारी जागांचे फॉर्म भर. तू विचारतेस, सोडू का?

आत्ता नको. ऐन सीझनमध्ये, झोप झालेली नसताना तर मुळीच नको.

मॅनेजर बोलला ते वाईटच. पण शुगर लो झाली की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, चिडतो, काहीतरीच बोलतो. ज्याला आजार ठाऊक नाही त्याला दारूचाच संशय येणार, आणि कळंगुटात तर आधी तोच! तुझ्या डोक्यावर कामाचं ओझं आहे, त्यावर हे लपवण्याचं आणखी एक. दुसरं उतरवणं तुझ्या हातात आहे.

सगळ्या हॉटेलला सांगत बसू नकोस. प्रत्येक पाळीत तुझ्या जोडीला असणाऱ्या एकेकाला सांग: ‘मी विचित्र बोलायला लागले तर आधी मला साखर दे.’ तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी परत शुगर मोजायची, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. एवढं चिठ्ठीवर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटव.

टेन्शन आलं की छाती धडधडते, म्हणून तू ज्यूस पितेस, आणि नंतर मोजलं तर शुगर २८० निघते, असंही लिहिलंस. घाबरल्यावर आणि शुगर उतरल्यावर शरीर जवळजवळ सारखंच वागतं, कारण दोन्ही वेळी ॲड्रेनलिन सुटतं. नुसत्या ताणानेही शुगर वर चढते, त्यावर तू ज्यूस ओततेस. तेव्हा अंदाज करू नकोस, आधी बोट टोच. मीटर ड्रॉवरमध्ये राहू दे. (इन्सुलिनचं पेन मात्र स्कूटरच्या डिकीत ठेवू नकोस. गोव्याच्या उन्हात तिथे इन्सुलिन खराब होतं.) आणि २८० दिसलं की ‘माझंच चुकलं’ म्हणून स्वतःला कोसणं बंद कर. कटकटीच्या चेक-इननंतरचा आकडा हा काही तुझ्या वागणुकीचा दाखला नव्हे.

आता मॅनेजर. त्याच्यापुढे रडगाणं नको, कागद ने. तुझ्या डॉक्टरांकडून पत्र घे आणि दोनच गोष्टी लेखी माग: सलग तीन-चार आठवडे एकच पाळी, आणि ठरल्या वेळी खायला दहा मिनिटं. प्रत एचआरला दे. पाळी दर आठवड्याला फिरली की जेवण, झोप आणि डोस यांचा मेळ बसत नाही, हे डॉक्टरांनाच लिहू दे. त्याच भेटीत रात्रपाळीसाठी डोस कसे घ्यायचे तेही विचार, स्वतःच्या मनाने बदलू नकोस.

नाही म्हणाला तर? मग मात्र दुसरीकडे बघ. पण हॉटेलचा धंदाच सोडायची गरज नाही. रिझर्व्हेशन आणि अकाउंट्समध्ये बहुतेक दिवसाचं काम असतं, आणि तुझा अनुभव तिथे चालेल.

रात्री रडू येतं असं लिहिलंस, तेही डॉक्टरांना सांग. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, रात्रीसुद्धा चालतो. जीवच नकोसा वाटायला लागला तर मात्र थांबू नकोस, त्याच क्षणी लाव.

रात्रपाळी करून डिचोलीला स्कूटरने जातेस ना? निघण्याआधी शुगर मोज. लो असेल तर किल्ली लावू नकोस. साखर घे, काहीतरी खा, आकडा वर आल्यावरही थोडा वेळ थांब. नाहीतर सरळ बसने जा.

आणि आईला सांग, सरकारी फॉर्म मी भरते. खरंच भर. राजीनामा मात्र हातात दुसरं नेमणूकपत्र पडल्यावर.

तुझी,
मावशी