फ्यूजच्या जागी जाड तार

प्रश्न : माझी मुलगी नागपूरला एमएस्सी करते. पोळ्याला घरी आली तेव्हा सांगत होती, पेशीत ‘रिप-के-वन’ नावाचं प्रथिन असतं, ते बिघडलं की लेकरांना घडीघडी ताप येतो. माझ्या जावेच्या चार वर्षांच्या पोराला दर महिन्याला ताप येतो. तेच असेल का?
— एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपल्याकडे असा ताप म्हटला की आधी मलेरिया, टीबी, सिकलसेल. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून घ्या. ताप कोणत्या तारखेला आला, किती चढला, ते कॅलेंडरवर लिहीत जा. मुलीने सांगितलेला आजार जगात मोजक्याच कुटुंबांत सापडलाय.

पण पोरगी बरोबर बोलली. हे प्रथिन म्हणजे ६७१ अमिनो आम्लांची माळ. पुढच्या टोकाला किनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारा भाग. मागच्या टोकाला ‘डेथ डोमेन’; त्याच्या आधाराने ते पेशीच्या रिसेप्टरपाशी (बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनापाशी) जमणाऱ्या प्रथिनांत सामील होतं. एरवी ते पेशीला जगवायलाच मदत करतं (नाव ऐकून कुणाला पटत नाही). किनेज चेकाळला की मात्र पेशी मरते, कधी गुपचूप, कधी फुटून. पेटीत एक संत्रं फुटलं की शेजारची खराब होतात, तसा फुटलेल्या पेशीतला माल सांडून आजूबाजूला दाह सुरू होतो.

म्हणून माळेच्या ३२४व्या मण्यावर तोडायची जागा आहे. कॅस्पेज-८ हे विकर (एन्झाइम) तिथे कापतं, किनेज शेपटीपासून सुटतो, पुढचं टळतं.

मागल्या रब्बीत रात्रीची लाइन होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून माझ्या धाकट्या भावाने किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, जाड तांब्याची तार घातली. एक फेज गेली, तार जागची हलली नाही. पहाटे विहिरीवर गेलो तर मोटारीचं वाइंडिंग जळाल्याचा वास! २०१९ साली वर्णन झालेल्या या तापाच्या आजारात नेमकं हेच होतं. ३२४वा मणी बदललेला, त्यामुळे कापणी होत नाही. तान्हेपणापासून ताप, लसिकाग्रंथींच्या गाठी सुजतात. इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधाने काहींना आराम पडला.

मग प्रथिनच नको? तसंही जमत नाही. ते मुळातच नसलेल्या मुलांची नोंद २०१८ची आहे : वारंवार जंतुसंसर्ग, आतड्याचा दाह, सांधेदुखी. म्हणून संशोधक माळ तशीच ठेवून फक्त किनेज अडवणारी औषधं शोधताहेत.

जावेला एक विचारा. या आजाराला आई किंवा बाप, एकाकडून आलेली जनुकाची बिघडलेली प्रत पुरते. पोराच्या बापाला किंवा तिला स्वतःला लहानपणी असा ताप यायचा का? यायचा असेल, तर तेही त्या कॅलेंडरवर लिहून डॉक्टरांना दाखवा.