क्योटोत घेतलेलं रेशमावरचं जुनं जपानी चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावू का? ते अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

नका करू फ्रेम. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच ऐका आणि पुण्याच्या त्या फ्रेमवाल्याला आजच नाही म्हणून कळवा.

तोजी देवळाच्या 21 तारखेच्या बाजारात तुम्हाला रेशमावर रंगवलेली जुनी काकेजिकु, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारं टांगतं चित्र, मिळाली. तिच्यावर आडव्या घड्या पडल्यात, कडेला रेशीम विरलंय, आणि पुढच्या महिन्यात परत आल्यावर ती काचेआड बसवून हॉलमध्ये कायमची लावायचा विचार आहे. इथवर ठीक. पण 'फोटो पाहून फ्रेमवाला म्हणाला, भोवतीचं जुनं कापड कापून टाकू' हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं क्योटोत होते. शेजारच्या आजींनी त्यांचं जुनं लाकडी घर विकलं आणि मुलीजवळ फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. फ्लॅटला तोकोनोमा, म्हणजे असं चित्र टांगायचा भिंतीतला खास कोनाडा, नव्हता. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी किरीच्या लाकडाची एक लांबट पेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "शरदात लाव, थोडे दिवस बघ, मग काढून ठेव. लावून विसरू नकोस." आत रेशमावरचं चित्र होतं. राळ्याची ओथंबलेली कणसं आणि खाली दोन लावऱ्या. लावऱ्या काढण्यात तोसा मित्सुओकी (1617–1691) याचं नाव फार मोठं, आणि त्याच्यामागून कितीतरी चित्रकारांनी त्या काढल्या. आमच्या चित्रावर सही नव्हती, कोपऱ्यात एक पुसट शिक्का तेवढा होता. घडी पडली होती तिथे रेशीम तुटून रंगाचे कपचे उठले होते.

मी ती एका ह्योगुशीकडे नेली. काकेजिकुचं अस्तर, भोवतीचा किनखाब, दांडी, दोरी हे सगळं बसवणारा हा कारागीर. त्याने आधी चित्र उलटं करून उजेडासमोर धरलं आणि मागच्या कागदावरच्या बारीक आडव्या पट्ट्या दाखवल्या. प्रत्येक घडीच्या मागे एक पट्टी. म्हणजे याआधीही कुणीतरी हे चित्र दुरुस्त करून घेतलं होतं. रेशमावरच्या चित्राचं आयुष्य असंच चालतं. शंभरेक वर्षांनी अस्तर थकतं, ते काढून नवं घालायचं, की चित्र पुढच्या पिढीकडे जायला मोकळं.

काम चालू असताना त्याने मला बसून बघू दिलं. चित्राच्या तोंडावर समुद्रशेवाळाच्या खळीने पातळ कागद लावून रंग जागच्या जागी धरला, मग ते पालथं घातलं. बाहेरचे अस्तराचे थर ओलावल्यावर सहज सुटले. सगळ्यात आतला, रेशमाला भिडलेला थर मात्र चिमट्याने तंतू-तंतू करून ओढायचा. दिवसभरात तळहाताएवढी जागा व्हायची. तो थर निघाला तेव्हा मला मागून दिसलं की लावरीच्या पोटाचा पांढरा रंग मागच्या बाजूने लावलेला आहे. शिंपल्याच्या भुकटीचा हा पांढरा, गोफुन. चित्राचं रेशीम इतकं विरळ विणलेलं असतं की मागचा रंग पुढे झिरपल्यासारखा मऊ दिसतो.

मग त्याने रंगवलेले दोन कागद आळीपाळीने मागे धरले, एक पिवळट, एक करडा. पिवळटावर लावऱ्या मातीत हरवून गेल्या. करड्यावर त्यांच्या पाठीवरची पिसाची रेघ न् रेघ उठून आली. चित्राला हातही लावला नव्हता, फक्त मागचा कागद बदलला होता. इतो जाकुचू (1716–1800) याच्या प्रसिद्ध तीस रेशीमचित्रांची दुरुस्ती झाली तेव्हाही हेच पुढे आलं. पांढऱ्या फिनिक्सची सोनेरी भासणारी पिसं तपासली तर त्यांत सोनं नव्हतंच. मागून पिवळ्या मातीचा रंग, पुढून पांढरा, आणि त्यामागे गडद अस्तर, एवढ्यावर ते तेज उभं होतं.

आता सांगा, अशा चित्राच्या पाठीला प्लायवूड आणि सुतारकामाचा पांढरा गोंद लागला तर काय उरेल? ह्योगुशीची खळ गव्हाच्या सत्त्वाची असते. आतल्या थराला ताजी, बाहेरच्या थरांना मातीच्या रांजणात दहाएक वर्षं मुरवलेली. मुरलेली खळ मुद्दामच कमजोर असते. त्यामुळे चित्र गुंडाळताना वाकतं, आणि शंभर वर्षांनी कुणाला अस्तर काढायचं असेल तर पाण्याने सुटतं. पांढरा गोंद एकदा रेशमात शिरला की तो काढायला जाल तर चित्रच निघेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दादाच्या वास्तुशांतीला मी त्याला क्योटोहून एक काकेजिकु पाठवली होती. धबधबा चढणारा मासा, रेशमावर, मेइजी काळातला (1868–1912). दादाने ती जवळच्या एका फ्रेमवाल्याला दिली. त्याने चित्राच्या वर-खाली असलेल्या जरीच्या किनखाबाच्या अरुंद पट्ट्या, वरून सोडलेल्या दोन फिती, दांडी, सगळं कापून टाकलं आणि उरलेलं चित्र प्लायवर चिकटवून काच बसवली. त्या अरुंद पट्ट्यांना इचिमोंजी म्हणतात. अख्ख्या गुंडाळीतलं सगळ्यात भारी कापड तिथे लावतात, कारण चित्राला टेकणारं पहिलं कापड तेच. पावसाळ्यात काचेच्या आत दमट हवा कोंडली, माशाच्या अंगावर तपकिरी ठिपके आले. मे महिन्यात रेशीम आक्रसलं, प्लाय हलला नाही, आणि वरच्या कडेला चीर गेली.

दादा अजूनही म्हणतो, "पेटीत बंद ठेवायचं तर चित्र घ्यायचं कशाला?" चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी त्याला कितीदा दिलंय. उजेडाने रेशीम ठिसूळ होतं आणि ते नुकसान भरून येत नाही. जपानमध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेल्या चित्रांसाठी सरकारचा दंडकच आहे, वर्षातून दोनदाच मांडायचं, तेही मिळून साधारण 60 दिवस. ज्या तोजीच्या आवारात तुम्ही खरेदी केलीत, त्याच देवळासाठी 1127 मध्ये रेशमावर बारा देव रंगवले गेले. इंद्र, अग्नी, यम, वरुण, वायू, आपल्याच ओळखीची मंडळी. ती चित्रं आज क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जवळजवळ नऊशे वर्षं रेशीम टिकलं. भिंतीवर सतत टांगलेलं असतं तर टिकलं असतं का, हे दादाने सांगावं. आणि वर्षातले पन्नास आठवडे न दिसणारं चित्र ज्या दिवशी उलगडतं त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थांबतो. हॉलमधल्या कायमच्या फ्रेमसमोर चार महिन्यांनी कोण थांबतं?

त्याचा दुसरा मुद्दा, गुंडाळूनच तर घड्या पडतात. बरोबर आहे, पण त्यावर साधा उपाय आहे. दांडीवर बसणारी लाकडाची जाड पोकळ नळी मिळते, फुतोमाकी. तिच्यावर गुंडाळलं की वळण मोठं होतं आणि रेशमावर ताण येत नाही. त्यासाठी पेटीही रुंद लागते. दादाला मी ही नळी त्या वेळीच सुचवली होती.

आता अस्सल-नक्कलचं. भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे, विषय संपला. पण ठिपके नाहीत म्हणून हाताने काढलेलं असं नाही, कारण कोलोटाइप नावाच्या जुन्या छपाईत ठिपके नसतात. म्हणून रंग धाग्यांत कसा बसलाय ते बघा. कुंचल्याचा जाड रंग धाग्याच्या वर उभा राहतो आणि घडीवर कपच्यांनी सुटतो, छपाईची शाई तसं करत नाही. मारुयामा ओक्यो किंवा तानी बुन्चो या नामवंत चित्रकारांची सही असेल तर ती खोटी समजूनच चाला, या दोघांच्या नावावर पोत्याने नकला झाल्यात. पेटीवरच्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका, पेटी एकाची आणि चित्र दुसऱ्याचं हे सर्रास होतं. सही कुणाची याने मला स्वतःला काही फरक पडत नाही. आमच्या लावऱ्यांचा चित्रकार कोण हे ह्योगुशीलाही सांगता आलं नाही, 'गावातला कुणी चांगला हात' एवढंच तो म्हणाला.

तेव्हा निघण्याआधी क्योटोतच एखाद्या ह्योगुशीला दाखवा. पूर्ण नवं अस्तर करायला महिने लागतात, आणि तुम्ही बाजारात दिलेल्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येऊ शकतो. तो झेपत नसेल तर निदान सुटणारे रंग धरून घ्या आणि जाड नळी व पेटी करून घ्या. पुण्यात आल्यावर जून ते सप्टेंबर पेटी उघडू नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी, ऊन न येणाऱ्या भिंतीवर पंधरा दिवस लावा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. उलगडतानाच रेशमाचा भुगा पडत असेल तर ते पुन्हा गुंडाळण्यात अर्थ नाही. अशा वेळी जाणकार चित्र सपाट ठेवायचा सल्ला देतात, पण तेव्हाही पाठीला जपानी कागदाचंच अस्तर असतं आणि किनखाब जपून ठेवतात.

शिवाय दांडीची टोकं नीट बघा. जुन्या काकेजिकुंना पुष्कळदा हस्तिदंताची टोकं असतात, आणि हस्तिदंत भारतात आणायला बंदी आहे. तसं असेल तर ह्योगुशीकडून ती आधी काढून घ्या आणि लाकडाची किंवा चिनी मातीची बसवून घ्या. चित्र फार जुनं वाटत असेल तर जपानच्या सांस्कृतिक खात्याकडून निर्यातीचा दाखला लागेल का, हेही त्यालाच विचारा.