विनिमय-युग्मन : ‘मिश्रण’ की ‘संमिश्र’?

‘हार्ड आणि सॉफ्ट फेराइट कंपोझिटमधील मॅग्नेटिक एक्स्चेंज कपलिंग’ या प्रबंधाच्या शीर्षकाचे ‘कठीण आणि मऊ फेराइटांच्या मिश्रणातील चुंबकीय देवाणघेवाण-जोड’ असे मराठी रूप चालेल का, अशी पृच्छा आहे. या रूपातील बहुतेक प्रत्येक शब्द बदलावा असे माझे मत आहे. त्यातही ‘मिश्रण’ हा शब्द आधी बदलावा, कारण तो राहिला तर शीर्षक प्रबंधाच्या नेमके विरुद्ध बोलू लागेल.

प्रथम ‘कठीण’ आणि ‘मऊ’. ही विशेषणे फेराइटांच्या (लोहाच्या ऑक्साइडापासून केलेल्या चुंबकी पदार्थांच्या) आधीची, लोखंड-पोलादाच्या काळातील आहेत. पाणी दिलेले पोलाद हाताला कठीण लागते आणि एकदा चुंबकित झाले की ते चुंबकत्व सहजी सोडत नाही, म्हणून होकायंत्राची सुई त्याची करीत. उलट तापवून सावकाश निवू दिलेले नरम लोखंड चटकन चुंबकित होते आणि तितक्याच चटकन ते चुंबकत्व टाकून देते, म्हणून ते विद्युतचुंबकाच्या गाभ्यासाठी योग्य ठरले. तेथे यांत्रिक गुण आणि चुंबकी गुण हातात हात घालून चालत होते. फेराइटांत ती सोबत तुटली. लाउडस्पीकरच्या मागील काळे कडे बहुधा बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम हेक्साफेराइटाचे असते, तर जुन्या रेडिओतील एरियलची काळी कांडी मँगनीज-जस्त किंवा निकेल-जस्त फेराइटाची. पहिले ‘हार्ड’ आणि दुसरे ‘सॉफ्ट’ असले तरी दोन्ही भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखीच कडक आणि ठिसूळ असतात. ‘मऊ फेराइट’ म्हटले की वाचकाला बोटाने दबणारे काहीतरी आठवते, आणि ‘कठीण फेराइट’ तर ‘कठीण प्रश्ना’च्या पंक्तीला जाऊन बसते.

मराठीने अशी अडचण पूर्वी फार सुंदर रीतीने सोडवलेली आहे. साबणाला फेस न येऊ देणाऱ्या पाण्याला आपण ‘कठीण पाणी’ न म्हणता ‘दुष्फेन’ म्हणतो आणि त्याच्या उलट ‘सुफेन’. त्याच धोरणाने येथे गुण कोणाचा हे शब्दातच सांगावे : ‘दृढचुंबकी’ आणि ‘मृदुचुंबकी’. उलट दिशेचे चुंबकी क्षेत्र लावले तरी चुंबकन (पदार्थाला आलेले चुंबकत्व) धरून ठेवण्याचा भाव ‘दृढ’मध्ये आहे, तो ‘कठीण’मध्ये नाही. (सुटा लिहिताना ‘मृदू’ दीर्घ असला तरी समासाच्या पूर्वपदात तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘मृदुचुंबकी’.)

आता ‘एक्स्चेंज’. ‘देवाणघेवाण’ म्हटले की दोन कणांनी एकमेकांना काही दिले-घेतले असे वाटते, आणि तसे येथे काही घडत नाही. ही संकल्पना १९२६ च्या सुमारास पुंज यांत्रिकीत आली आणि १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी तिच्या आधारे लोहचुंबकत्वाचा उलगडा केला. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखून वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे गणितात त्यांच्या जागांची अदलाबदल करून पाहावी लागते, आणि त्या अदलाबदलीतून ऊर्जेचे जे पद निघते ते इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांची (स्पिनची) दिशा परस्परांशी समांतर असावी की विरुद्ध हे ठरवते. ‘विनिमय’ शब्दावर व्यापाराची छाया आहे हे खरे (विनिमय दर, वस्तुविनिमय), परंतु तो तत्सम आणि काहीसा अमूर्त असल्यामुळे पारिभाषिक अर्थ पेलू शकतो. ‘देवाणघेवाण’ मात्र रोजच्या व्यवहारातून बाहेर निघतच नाही.

फेराइटांबाबत एक सावधगिरी बाळगावी. फेराइटाच्या स्फटिकात लोहाचे आयन मध्ये असलेल्या ऑक्सिजनमार्फत एकमेकांवर परिणाम करतात. ती ‘अतिविनिमय’ आंतरक्रिया होय आणि ती प्रत्येक फेराइटात असतेच. प्रबंधाचा विषय त्याहून वेगळा आहे : एका फेराइटाचा कण आणि दुसऱ्याचा कण यांच्या सीमेवर होणारी चुंबकनांची बांधणी. म्हणून स्फटिकातील प्रकाराला ‘आंतरक्रिया’ आणि दोन प्रावस्थांमधील (येथे दोन वेगळ्या फेराइटांमधील) प्रकाराला ‘युग्मन’ असा भेद प्रबंधात सर्वत्र पाळावा. ‘जोड’ नको, कारण जोड कापडाला आणि नळालाही असतो. ‘युग्मित दोलक’ या प्रयोगामुळे ‘युग्मन’ भौतिकीच्या वाचकाच्या कानाला परिचित आहे.

आणि आता ‘मिश्रण’. विनिमयाची पोच अत्यंत तोकडी, काही नॅनोमीटरांची असते. दृढचुंबकी प्रावस्थेतील क्षेत्रभित्तीच्या (वेगवेगळ्या दिशांना चुंबकित झालेल्या दोन शेजारच्या भागांमधील सीमापट्टीच्या, म्हणजे ‘डोमेन वॉल’च्या) जाडीच्या साधारण दुपटीपर्यंत मृदुचुंबकी प्रावस्थेचा थर असेल तरच शेजारची दृढचुंबकी प्रावस्था त्याला पूर्णपणे धरून ठेवू शकते, असे क्नेलर आणि हाविग यांनी १९९१ मधील एका लेखात मांडले. बेरियम हेक्साफेराइटात ती भित्ती सुमारे १४ नॅनोमीटर जाड असते, म्हणजे मृदुचुंबकी कण तिसेक नॅनोमीटरांच्या आत हवेत आणि शिवाय ते दृढचुंबकी कणांना खरोखर चिकटलेले हवेत. दोन चूर्णे खलात नुसती एकत्र केली तर प्रत्येक घटकाचे चुंबकन उलट क्षेत्राच्या वेगवेगळ्या तीव्रतेला उलटते आणि चुंबकनाच्या वक्राला (क्षेत्राबरोबर चुंबकन कसे बदलते ते दाखवणाऱ्या रेषेला) मध्येच कंबर पडते. एकाच भट्टीत, एकाच कणसमूहात दोन्ही प्रावस्था वाढवल्या, तर वक्र एकाच पदार्थाचा असावा तसा सलग उतरतो. पहिले ते ‘मिश्रण’ आणि दुसरे ते ‘संमिश्र’. ‘सम्’ हा उपसर्ग येथे शोभेसाठी नाही; प्रबंधकर्त्याला जे सिद्ध करायचे आहे तेच तो सांगतो. (सलग वक्र हा एकटा पुरावा मात्र पुरेसा नव्हे, कारण दोन्ही घटक जवळजवळ सारख्याच क्षेत्राला उलटत असतील तर युग्मनाविनाही वक्र सलग दिसू शकतो.)

त्याच १९९१ च्या लेखातील ‘एक्स्चेंज-स्प्रिंग’ या नावाला ‘विनिमय-कमान’ म्हणावे असे मला मनापासून वाटते. घड्याळाची कमान आपल्याकडे जुनी आहे, आणि क्षेत्र काढताच मृदुचुंबकी भागाचे वळलेले चुंबकन पीळ सुटावा तसे मूळ दिशेला परत येते, हे त्या शब्दात नेमके उतरते. तरीही ‘विनिमय-स्प्रिंग’ कोणी लिहिले तर ते चूक म्हणता येणार नाही, कारण ‘स्प्रिंग’ आता मराठीच झाला आहे.

तेव्हा शीर्षक असे असावे : ‘दृढचुंबकी व मृदुचुंबकी फेराइटांच्या संमिश्रातील विनिमय-युग्मन’. ‘चुंबकीय’ हे विशेषण वेगळे लावण्याची गरज उरत नाही. तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांपैकी ज्यांच्या वक्राला कंबर पडली असेल, त्यांना मात्र प्रबंधात ‘मिश्रण’च म्हणावे.